चुलीचा वाटा : नादारीचा अर्ज आणि घरखर्चाचा इतिहास



व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा एका मित्राने हसून विचारले, "चैत्राच्या दिवसांत येडशीला जाऊन दिवाळे काढणार काय?" आम्ही म्हटले, दिवाळे काढणार नाही, त्याची वही तेवढी उघडणार आहोत. कारण माणूस बुडतो तेव्हा त्याच्या घरातले भांडे कोणते राहावे आणि कोणते जावे, हा प्रश्न नुसता वकिलांचा नाही. समाज माणसाच्या जगण्याची किंमत काय धरतो, हे त्या प्रश्नाच्या उत्तरावरून समजते.

प्रथम शब्दांकडे पाहू. पेढीवाल्याला देणे भागवणे अशक्य झाले, की तो दिवसाढवळ्या दुकानात दिवा लावी व गादी उलटून बसे, त्यावरून दिवाळे हा शब्द आला, असे जुनी माणसे सांगत. कोर्टाच्या भाषेतला शब्द मात्र नादारी. हा फारसीतून आला. ना-दार, म्हणजे ज्याच्याजवळ काही नाही तो. आमच्या पिढीतील पुष्कळांना हा शब्द शाळेत भेटला. गरीब मुलाची फी माफ झाली, की 'त्याला नादारी मिळाली' असे म्हणत. त्या अर्जावर बापाचे उत्पन्न लिहावे लागे आणि ते लिहिताना बापाची मान खाली जाई. कोर्टातल्या नादारीतही मान खाली जाण्याचा क्षण तोच आहे. 'माझ्याजवळ काही नाही' असे म्हणणाऱ्याला न्यायाधीश विचारतो : मग तुझ्या घरी दोन वेळा चूल कशावर पेटते? या एका प्रश्नाचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

हा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. येथून पूर्वेकडे कल्याण, आजचे बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी होती. तेथे सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. पुढे कित्येक शतके हिंदुस्थानच्या मोठ्या भागात वारसा व कर्ज यांचे तंटे त्या ग्रंथाच्या आधारे तुटले. कर्ज कशासाठी काढले, हे आपले शास्त्रकार आधी विचारीत. कुटुंबाच्या पोषणासाठी काढलेले कर्ज साऱ्या एकत्र कुटुंबावर बसे. मद्य, द्यूत व बाहेरख्यालीपणा यांसाठी बापाने केलेले कर्ज मुलावर बसत नसे. याचा अर्थ असा, की घरखर्च आणि चैन यांमधली रेघ आपल्याकडे फार पूर्वीच ओढलेली होती. दामदुपटीचा नियमही असाच. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुदलापेक्षा अधिक होता कामा नये, हे तत्त्व मुंबई इलाख्यातील इंग्रजी कोर्टांनीही हिंदू कुळांच्या बाबतीत मानले.

धनकोने आपण होऊन सोडल्याचेही उदाहरण आपल्या परंपरेत आहे. तुकोबांचे चरित्रकार सांगतात, की दुष्काळात व्यापार बुडाल्यावर त्यांनी लोकांकडून येणे असलेल्या कर्जाच्या खतांपैकी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली. पण तसे मन सर्वांचे नसते, म्हणून कायदा लागतो.

आता या मातीची एक गोष्ट सांगतो. हा सगळा धाराशिव प्रांत एकदा स्वतःच कर्जापायी गहाण पडला होता. निजामाच्या पदरी इंग्रज अधिकाऱ्यांची एक फौज होती, तिला कंटिंजंट म्हणत. तिचा पगार थकला व कंपनीचे देणे चढत गेले. तेव्हा १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. टेलरसाहेब, म्हणजे मेडोज टेलर, नळदुर्गास कारभार पाहू लागले ते त्याच वेळी. तहात एक कलम असे होते, की कंपनीने दरसाल जमाखर्चाचा खरा हिशेब निजामास द्यावा आणि खर्च जाऊन उरेल ते परत करावे. पुढे १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर परत मिळाले, पन्नास लाखांचे देणे माफ झाले, वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. त्याच तहात निजामाने हिशेब मागण्याचा हक्क सोडून दिला. म्हणजे गहाण ठेवलेल्या मुलखावर धनकोने कारभारखर्च किती लावला, हे विचारण्याची सोय ऋणकोला उरली नाही. राजाच्या बाबतीत हे घडले, तर सामान्य कुळाची काय कथा! कुळाला मात्र आपले तवा-परात मोजून दाखवावे लागे.

हे इकडेच होते असे नाही. इंग्लंडात देणेकऱ्याला तुरुंगात टाकण्याची चाल होती. १८२४ साली चार्ल्स डिकन्सचे वडील मार्शलसी तुरुंगात होते. नादारीची सवलत मिळण्यास घरच्या माणसांचे कपडे व किरकोळ चीजवस्तू मिळून वीस पौंडांहून अधिक नसाव्यात, अशी अट होती. बारा वर्षांच्या चार्ल्सला काळ्या पॉलिशच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून, अंगावरच्या कपड्यांची किंमत ठरवून घेण्यासाठी सरकारी अधिकाऱ्यापुढे उभे राहावे लागले. त्याच्या खिशात आजीने दिलेले चांदीचे जुने घड्याळ होते. त्या घड्याळाने आपण वीस पौंडांच्या वर तर जाणार नाही ना, अशी धास्ती त्या पोराला वाटत होती. अधिकाऱ्याने काही विचारले नाही आणि मुलगा त्याला नमस्कार करून बाहेर पडला. पुढे तो जगप्रसिद्ध कादंबरीकार झाला, पण ती धास्ती विसरला नाही. घरातल्या वस्तूंची यादी करताना मुलांच्या मनावर काय उमटते, हे कळण्यास एवढा प्रसंग पुरे आहे.

आता पुन्हा आपल्या दख्खनकडे येऊ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. पुणे व नगर जिल्ह्यांत तो पसरला. त्यांना हवे होते ते कर्जरोखे. जेथे रोखे मिळाले तेथे ते जाळले आणि बहुधा तेवढ्यावरच थांबले. सरकारने चौकशीस कमिशन नेमले. कमिशनच्या अंदाजाने जमीन कसणाऱ्या खातेदारांपैकी सुमारे एकतृतीयांश कर्जात बुडालेले होते आणि त्यांचे कर्ज सरकारी साऱ्याच्या सरासरी अठरा पट होते.

या कमिशनची एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. 'कुणबी लग्नकार्यात पैसा उधळतो म्हणून बुडतो' हे वाक्य तेव्हाही सर्वांच्या तोंडी होते. कमिशनने हिशेब पाहून सांगितले, की लग्नाच्या खर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. तो खर्च असतो खरा, पण कर्जाचे मूळ तेथे क्वचितच सापडते. बियाणे, बैल, पोटाला धान्य आणि सरकारचा सारा, यांसाठी घेतलेल्या लहान लहान रकमा व त्यांवरचे व्याज हेच खरे ओझे. गरिबाच्या घरखर्चाकडे आधी संशयाने पाहावयाचे आणि मग हिशेब मागावयाचा, ही सवय त्या अहवालाला आज दीडशे वर्षे झाली तरी गेलेली नाही. ऋण काढून सण करू नये, हे खरेच आहे. पण ऋण काढणारा प्रत्येकजण सणच करीत होता, हे खरे नाही.

त्या चौकशीतून १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीशाचे काम केले. खताच्या मागे जाऊन मुळात किती दिले व किती फेडले, हे पाहण्याचा अधिकार कोर्टास मिळाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करणे बंद झाले. पन्नास रुपये किंवा अधिक कर्ज असलेल्या शेतकऱ्याला नादारीचा अर्ज करण्याची वाट मिळाली. आणि आपल्या विषयाला धरून सर्वांत मोठी गोष्ट अशी : कर्जफेडीसाठी कलेक्टरने जमीन फार तर सात वर्षे ताब्यात घ्यावी, आणि तीही ऋणको व त्याच्यावर अवलंबून असलेली कुटुंबातील माणसे यांच्या पोटाला जेवढी लागेल तेवढी वगळून. आधी घरातली तोंडे मोजावयाची, मग कर्ज. या प्रांतातील शेतकऱ्याच्या चुलीचा वाटा इंग्रजी कायद्याने इतक्या स्पष्टपणे बाजूला काढून ठेवला, तो येथे.

आता येडशी आठवा. बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी मुलखात. येडशी मोगलाईत. १८९७ साली लहान रुळांची आगगाडी बार्शीस आली, नंतर ती मोगलाईत शिरली आणि १९११ साली लातूरला पोचली. त्या गाडीने रामलिंगच्या डोंगरातून जाताना माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाई. माल तोच, बाजारपेठ तीच, पाऊस तोच आणि दुष्काळही तोच. पण बार्शीकडच्या शेतकऱ्याला १८७९ च्या कायद्याची ढाल होती, आणि येडशीकडच्या शेतकऱ्याला तो कायदा लागू नव्हता. हैदराबाद राज्याचा सावकारीवरील कायदा १३४९ फसलीचा, म्हणजे इसवी सनाच्या १९३९-४० चा. दोन चुलींमध्ये काही कोसांचे अंतर आणि साठ वर्षांचा फरक! इतिहास राजधान्यांत घडतो असे म्हणतात. पण तो कोणाच्या अंगणात उशिरा पोचतो, हेही पाहिले पाहिजे.

बार्शीकडे तरी सगळे सुखाचे झाले काय? नाही. कायद्याने मोकळी जमीन जप्तीतून वाचवली होती, पण जी जमीन मुद्दाम तारण लिहून दिली तिला ते संरक्षण नव्हते. सावकाराने ही फट लगेच हेरली. साधे खत नको, गहाणखत दे, असे तो म्हणू लागला. पुढे तर गहाणखतही नको, खरेदीखतच लिहून दे, पैसे फेडलेस की जमीन परत देतो, असा तोंडी वायदा सुरू झाला. शेवटी, खरेदीखत दिसत असले तरी व्यवहार मुळात गहाणाचा होता काय, हे तोंडी पुराव्याने पाहण्याची मुभा देणारे कलम त्या कायद्यात घालावे लागले. कायद्याने चुलीला कुंपण घातले की चुलीच्या मालकाच्याच अंगठ्याने ते कुंपण काढवून घ्यावयाचे, ही युक्ती नीट ध्यानात ठेवा. ती आपणांस पुन्हा भेटणार आहे.

शेतकरी नसलेल्यांसाठी वेगळे कायदे झाले. मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांसाठी १९०९ चा, आणि बाकीच्या मुलखासाठी १९०७ चा व त्याच्या जागी आलेला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. या १९२० च्या कायद्याने ऋणकोला स्वतः अर्ज करावयाचा झाला तर कर्ज निदान पाचशे रुपये असावे लागते, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यापायी त्याला अटक झालेली असावी लागते. अर्जात सर्व धनकोंची नावे, पत्ते व रकमा द्याव्या लागतात. सर्व मालमत्ता तिच्या किमतीसह लिहावी लागते, आणि ती कोर्टाच्या हवाली करण्याची तयारी दाखवावी लागते. फक्त जप्तीतून सूट असलेल्या वस्तू वगळावयाच्या. त्यातही गंमत पाहा : हिशेबाच्या वह्या एरवी जप्त होत नाहीत, पण नादारीत त्या द्याव्याच लागतात. भांडे ठेव, पण वही दे, असे कायदा म्हणतो. कारण भांडे पोटासाठी आहे आणि वही सत्यासाठी.

त्या वस्तूंची यादी १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात आहे. ऋणको, त्याची बायको व मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्माचाराप्रमाणे जे दागिने स्त्री अंगावरून दूर करू शकत नाही ते, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र. कारागिराची हत्यारे. शेतकऱ्याची अवजारे, आणि पोट चालण्यास कोर्टाला आवश्यक वाटतील एवढी गुरे व बियाणे. शेतकऱ्याचे राहते घर. मजुराची मजुरी. ही यादी कोणी साहेबाने लिहिली असेल, पण वाचताना एखाद्या शहाण्या आजीने सांगितल्यासारखी वाटते. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरे, पण अंथरूणच काढून घेतले तर पाय कोठे पसरावे?

नोकरदाराच्या पगाराची रीतही त्याच कलमात आहे. पोटगीचा हुकूमनामा सोडून इतर देण्यासाठी पगारातील पहिले एक हजार रुपये व उरलेल्याचे दोनतृतीयांश यांना हात लावता येत नाही. समजा, जप्तीस पात्र पगार सोळा हजार आहे. हजार वगळले, पंधरा हजार उरले. त्यांतले दहा हजार सुटले. म्हणजे अकरा हजार घरी आणि पाच हजार धनकोकडे. एकाच हुकूमनाम्यापायी अशी जप्ती एकूण चोवीस महिने झाली, की त्या हुकूमनाम्यासाठी तो पगार कायमचा मोकळा होतो. ही गोष्ट किती नोकरदारांना ठाऊक आहे?

त्याच संहितेत आणखी दोन चमत्कारिक नियम आहेत. धनकोला ऋणकोस दिवाणी कैदेत ठेवावयाचे असेल, तर त्याच्या जेवणाखाण्याचा भत्ता आधी धनकोनेच कोर्टात भरावा लागतो. आणि त्या भत्त्याचे दर दर्जा, वंश व राष्ट्रीयत्व पाहून ठरवावेत, असे ५७ वे कलम सांगते. म्हणजे गोऱ्याची भूक वेगळी आणि काळ्याची वेगळी! घरखर्च ठरवणारा हात कोणाचा आहे, यावर भाकरीचा आकार कसा ठरतो, याचा हा छापील पुरावा होय. सुदैवाने १९३६ च्या दुरुस्तीने अप्रामाणिक नसलेल्या ऋणकोला कैदेपासून पुष्कळसे संरक्षण मिळाले. १९८० साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनीही सांगितले, की केवळ गरिबीमुळे देणे फेडू न शकणाऱ्याला तुरुंगात घालणे घटनेला धरून नाही.

मग नादाराच्या चालू घरखर्चाचे काय? १९२० च्या कायद्यात कोर्टाला योग्य वाटेल तेवढा भत्ता ऋणकोच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी त्याच्याच मालमत्तेतून देता येतो. 'योग्य' म्हणजे किती, याचा तक्ता मात्र कायद्यात नाही. अमेरिकेत जी मराठी कुटुंबे आहेत त्यांना हा फरक चांगला समजेल. तेथे दिवाळखोरीच्या अर्जाबरोबर महिन्याच्या खर्चाचा स्वतंत्र तक्ता भरावा लागतो. घरभाडे, अन्न, कपडे, औषधे, प्रवास, मुलांची देखभाल, सारे रकान्यारकान्याने. २००५ च्या दुरुस्तीपासून अधिक उत्पन्न असलेल्यांच्या बाबतीत अन्नवस्त्रासाठी सरकारने ठरवलेले ठोकळ आकडे धरतात. त्यात शिस्त आहे, आणि परक्याने आपल्या ताटातले घास मोजावेत याचा संकोचही आहे. आपल्याकडे आकडा नाही, म्हणून तो दाखवण्याची जबाबदारी ऋणकोवरच येते.

येथे माणसे दोन प्रकारे चुकतात. काहीजण खर्च फुगवतात. तो खोटेपणा आहे, आणि मालमत्ता लपवली तर या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद आहे. पण दुसरी चूक अधिक होते व ती अब्रूदार माणसे करतात. ती लाजेने खर्च कमी लिहितात. म्हाताऱ्या आईचे औषध लिहीत नाहीत, मुलीच्या शाळेची गाडी लिहीत नाहीत, पाहुणारावळा तर नाहीच. मग ठरलेल्या भत्त्यात घर चालत नाही आणि नवे हातउसने सुरू होते. नादारीतून शेवटची मुक्तता मागताना कोर्ट विचारते : रुपयात आठ आण्यांइतकी तरी मालमत्ता का निघाली नाही? मागील तीन वर्षांचे धंद्याचे हिशेब का ठेवले नाहीत? जुगार, सट्टा किंवा न शोभणारी उधळपट्टी यांनी ही वेळ आली काय? उधळपट्टी नव्हती हे दाखवण्यास घरखर्चाच्या वहीइतका साधा साक्षीदार दुसरा नाही.

आता मोगलाईच्या पुढचा प्रवास थोडक्यात. १९४८ साली हैदराबाद मुक्त झाले. १९५१ साली दिवाणी प्रक्रिया संहिता या भागास लागू झाली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६० साली महाराष्ट्रात. बार्शी आणि येडशी यांच्या चुली एका कायद्याखाली आल्या. १९७५ च्या महाराष्ट्राच्या ऋणमुक्ती कायद्याने लहान शेतकरी, ग्रामीण कारागीर, मजूर व कामगार यांची सावकारी कर्जे रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तो कायदा वैध ठरवला. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने बेकायदा सावकारीतून गेलेली जमीन परत मिळवण्याची वाट दिली.

त्यानंतर २०१६ ची नवी संहिता आली. तिच्यातही चुलीचा वाटा आहे. धंद्याची साधने, घरच्या मूलभूत गरजांपुरते सामान व धान्य, धर्माचाराने न सोडता येणारे दागिने आणि एक राहते घर, यांपैकी दागिने व घर ठरीव किमतीपर्यंत, वगळले आहे. ज्याचे वार्षिक उत्पन्न साठ हजारांहून, मालमत्ता वीस हजारांहून व माफीस पात्र कर्ज पस्तीस हजारांहून अधिक नाही आणि ज्याला स्वतःचे घर नाही, त्याला 'नवी सुरुवात' देण्याची तजवीजही आहे. पण व्यक्तींविषयीचा हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्यांपुरताच लागू झाला. सामान्य माणसाची नादारी अजून १९२० च्या व मोठ्या शहरांत १९०९ च्या कायद्याने चालते. रुळ रुंद झाले, बार्शीची लहान गाडी गेली, पण नादारीची गाडी शंभर वर्षांच्या जुन्या रुळांवरच आहे.

आणि नव्या संहितेतही सामान, दागिने, घर यांच्यामागे एक अट लावलेली आहे : त्यांवर बोजा नसावा. म्हणजे १८७९ ची तीच फट. बेलिफ मंगळसूत्र नेऊ शकत नाही, पण आपणच ते सोनेतारणात ठेवले की कायद्याचे कुंपण तेथे संपते. ट्रॅक्टर, घर, सोने, सर्व तारण, आणि मग जप्तीतून वाचवावयास उरते काय? आमच्या मराठवाड्यातील कितीतरी घरांत कर्जापायी कर्ता पुरुष गळफासाकडे वळला. त्या घरांतून कोणी आधी येऊन 'भांडी, बियाणे, अवजारे, राहते घर यांवर तुमचा हक्क कायद्याने राखला आहे' असे सांगितले असते, तर काय झाले असते, ते आम्हांस सांगता येत नाही. पण सांगावयास हवे होते, एवढे निश्चित.

तेव्हा समारोपात तीनच गोष्टी विनवतो. घरखर्चाची वही ठेवा, आणि ती घरातल्या बाईच्या हाती असू द्या. पीठ किती दिवस पुरते हे तिला ठाऊक असते, अर्ज लिहिणाऱ्या पुरुषाला नसते. चुलीभोवतालची वस्तू तारण लिहून देण्यापूर्वी एक रात्र थांबा. आणि देणे फिटत नसेल तर अर्ज करण्यास लाजू नका. खरे लिहा, म्हाताऱ्या आईच्या औषधासह लिहा.

ज्याच्याजवळ काही नाही तो नादार, असे शब्द सांगतो. पण भांडी, अंथरूण, हत्यारे आणि बियाणे कायद्याने आजही त्याच्यापाशीच ठेवली आहेत. एवढे असेल तर पुढच्या मृगात पेरणी करता येते.